एका प्रतीची पाच कार्डं

“आई, तू संदर्भ विभागातली आहेस,” मुलगी म्हणाली. “बघता येते, चाळता येते, पण घरी नेता येत नाही.”

बारा वर्षांच्या मुलीने हे वाक्य सकाळी सात चाळीसला, एका पायात मोजा चढवता चढवता उच्चारलं आणि दुसरा मोजा चढवून ती शाळेला निघून गेली. ग्रंथपालबाई एका हातात तिचा विसरलेला डबा आणि दुसऱ्या हातात स्वतःचा कंगवा घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांना लागलं ते आरोपाचं नाही. मुलांनी आईवर आरोप करायचे नाहीत तर कोणावर करायचे? लागलं ते हे, की आरोप अगदी बरोबर खणात ठेवलेला होता. एकोणीस वर्षं पुस्तकांचं वर्गीकरण करणाऱ्या बाईला चुकीच्या वर्गीकरणाशी भांडता येतं. बरोबर वर्गीकरणाशी काय भांडणार?

कारणही तसंच होतं. तरणतलावावर मुलीची परीक्षा असे. खोल टोकाच्या फळीवरून उडी मारायची आणि पलीकडच्या टोकापर्यंत पोहत जायचं. दोनदा परीक्षा झाली आणि दोन्ही वेळा मुलगी फळीवरून शिडीने खाली उतरली. तिचा चष्मा जाड. तो काढला की तिला पलीकडची भिंत दिसत नसे, नुसतं निळं निळं दिसे. “मला भिंत नाही दिसत, पण माणूस दिसतं,” तिने समजावून सांगितलं होतं. “तू टोकाला उभी राहा. मी तुझ्याकडे येते.” पहिल्या परीक्षेच्या दिवशी बाईंकडे नव्या पुस्तकांची खोकी आली, दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी ग्रंथालय समितीचे अध्यक्ष आले. आता तिसरी आणि शेवटची संधी राहिली होती. ती हुकली की नियमाप्रमाणे मुलीला लहानग्यांच्या वर्गात परत पाठवणार होते, जिथे सहा वर्षांची मुलं कमरेला फुगे बांधून पाय हलवतात. मुलगी अंगाने उंच होती. त्या वर्गातलं पाणी तिच्या मांडीपर्यंत येई.

“काहीतरी केलं पाहिजे,” बाईंनी नवऱ्याला सांगितलं. “माझं घर आणि काम यांचं गणितच बसत नाहीये.”

“यादी कर,” नवरा म्हणाला. “महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली.”

“केली होती. तुम्ही ती पुस्तकात खूण म्हणून घातलीत.”

“मग सापडेल ना. पान एकशे बारा.”

सासूबाईंना सगळे माई म्हणत. त्यांनी वेगळाच सूर लावला. “आमच्या वेळी असलं काही नव्हतं सूनबाई. काम संपलं की निजायचं. आणि काम संपायचंच नाही.” हे त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितलं.

खालच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहत. ते जिन्यात अशा जागी उभे राहत, की सल्ला न घेता कोणाला वर जाता येत नसे. “कामांची छाटणी करा,” ते म्हणाले. “टपालाची करतात तशी. चार खण ठेवायचे. आजचं, उद्याचं, परत पाठवायचं आणि पत्ता न सापडलेलं.”

“आणि घरची माणसं कुठल्या खणात?”

पोस्टमास्तरांनी बोटांवर चारही खण मोजून बघितले. “ती पत्ता न सापडलेल्यात पडतात,” ते म्हणाले. “तीस वर्षं माझंही तिथंच चुकलं.”

बाई वर आल्या त्या काहीतरी ठरवूनच. दुसऱ्यांच्या धंद्यातले उपाय आपल्याला लागू पडत नाहीत, आपल्याला आपलाच उपाय हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं. मुलीने टोमणा मारला तो ग्रंथालयाच्या भाषेत, तेव्हा उत्तरही त्याच भाषेत द्यायचं. आपल्याला घरी नेता येत नाही काय? ठीक आहे. उद्यापासून आपण देवघेव विभागात.

ज्यांनी ती जुनी ग्रंथालयं पाहिली नाहीत त्यांना सांगायला हवं, की त्या काळी प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला एक कागदी खिसा असे आणि खिशात एक जाड पिवळसर कार्ड. पुस्तक न्यायचं तर कार्डावर नाव लिहायचं, ग्रंथपालांनी त्यावर जांभळ्या शाईचा तारखेचा शिक्का मारायचा आणि ते कार्ड टेबलावरच्या लाकडी पेटीत जायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुन्हा खिशात. इतका साधा, इतका सरळ कारभार पुढे कुठल्याच यंत्राला जमला नाही.

बाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर खिसे चिकटवले आणि तो स्वयंपाकघराच्या दाराला टांगला. कोरी कार्डं घातली. नियम असा: ज्याला बाईंचा वेळ हवा त्याने कार्ड घ्यायचं, वर शीर्षक, खाली आपलं नाव, दिवस, तास आणि कारण लिहायचं आणि शिक्का मारून घ्यायचा. शिक्का घरीच होता. ग्रंथालयातल्या कपाटाचं कुलूप बिघडलेलं होतं, दुरुस्तीचा अर्ज दोन वर्षं वरच्या कार्यालयात मुरत पडला होता, म्हणून बाई शिक्का रोज पर्समधून घरी आणत. हे नियमात बसत नव्हतं, पण बिघडलेलं कुलूप तरी कुठे नियमात बसत होतं?

आता इथे त्यांची चूक झाली, आणि ती चूक ग्रंथपालानेच करावी अशी होती. कोणाला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी प्रत्येकाला वेगळं कार्ड दिलं. एक पुस्तक, एक कार्ड, हा धंद्यातला पहिला धडा. तो त्या स्वतःच्या बाबतीत साफ विसरल्या.

पहिले चार दिवस घरात उत्साह मावेना. शीर्षकाच्या जागी प्रत्येकाने आपण हाक मारतो ते लिहिलं. मुलीने लिहिलं “आई”. माईंनी थरथरत्या अक्षरात “सूनबाई” आणि कारण: “कपाट आवरणे, वरचे दोन कप्पे.” नवऱ्याने उभ्या जन्मात बायकोला नावाने हाक मारली नव्हती. त्याने पेन्सिल चावत बराच वेळ काढला आणि शेवटी लिहिलं: “अगं”. कारण: “पडदे निवडणे, वर्ष दुसरे.” पोस्टमास्तर घरचे नव्हते, पण त्यांनी जिन्यातून अर्ज केला, म्हणून त्यांनाही सभासद करून घेतलं. “वरच्या बाई. पाण्याच्या तक्रारीचा सातवा मसुदा ऐकणे.” राहिलेलं पाचवं कार्ड बाईंनी हळूच स्वतःसाठी घेतलं. त्यावर लिहिलं “मी”. कारणाच्या जागी काय लिहावं हे न सुचल्यामुळे एक रेघ ओढली.

शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी पाचही कार्डं एकत्र काढून बघितली. पाचही कार्डांवर एकच वेळ होती. शनिवार, चार ते पाच. तसं बघितलं तर यात कोणाचा दोष नव्हता. शनिवारी ग्रंथालय तीनला बंद होई आणि आठवड्यातला मोकळा असा तेवढाच एक तास सगळ्यांना माहीत होता. दोष शिक्क्याचा होता. कार्ड समोर आलं की शिक्का मारायचा, हे बाईंच्या हातात एकोणीस वर्षं मुरलेलं. हात माणसाकडे बघत नसे.

“उद्या ये हं,” निजायला जाताना मुलगी म्हणाली. “पिवळी छत्री आण. ती मला लांबूनही कळते.”

“आणते.”

“शिक्का मारलायस तू.”

“हो गं.”

घरी डोकं चालेना. ऑफिसात शांतपणे चौघांची समजूत कशी घालायची ते ठरवू, म्हणून बाईंनी कार्डं पर्समध्ये टाकली.

शनिवारी ग्रंथालयात पाय ठेवला तर शिपाईमामा दारातच. “बाई, मोजणी आलीय.”

“मोजणी सोमवारी आहे.”

“साहेबांना सोमवारी दाढ काढायचीय. ते आज आलेत.”

मोजणीसाहेब आत बसलेच होते. बारीक अंगाचे, आखूड बाह्यांचे, पेन्सिलीला टोक करण्याचं यंत्र स्वतःच्या खिशात बाळगणारे. वर्षातून एकदा ते येत आणि शेल्फवरची पुस्तकं अधिक पेटीतली कार्डं बरोबर दाखल नोंदवहीतला आकडा, एवढं बघून जात. आकडा जुळेपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही, असा त्यांचा नियम.

बाईंनी घाईघाईने पर्स टेबलावर उपडी केली, किल्ल्या शोधल्या, कपाटं उघडून दिली. कार्डंही टेबलावर पडली ती तशीच राहिली. शिपाईमामांची सव्वीस वर्षांची सवय अशी, की टेबलावर कार्ड दिसलं की ते पेटीत अक्षरानुसार लावायचं. त्यांनी पाचही कार्डं उचलली आणि लावून टाकली. वाचली नाहीत, कारण वाचणं हे त्यांचं काम नव्हतं.

दुपारी दोनपर्यंत सगळं ठीक चाललं. दोन दहाला बाईंच्या लक्षात आलं की कार्डं दिसत नाहीत. पर्समध्ये नाहीत, खणात नाहीत, केराच्या टोपलीत नाहीत. घड्याळाकडे आणि दाराकडे एकाच वेळी बघताना मान अवघडली. दोन पन्नासला मोजणीसाहेबांनी बेरीज केली, खोडली, पुन्हा केली.

“बाई,” ते म्हणाले, “शेल्फवर आठ हजार सातशे नव्वद. पेटीत चारशे एकोणतीस. झाले नऊ हजार दोनशे एकोणीस. नोंदवहीत नऊ हजार दोनशे चौदा.”

“पाच कमी?”

“पाच जास्त.”

शिपाईमामांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

“साहेब, जास्त आहेत तर चांगलंच ना?” मामा म्हणाले.

“कमी पडलं तर नमुना सात भरतात,” साहेब म्हणाले. “जास्त भरलं तर नमुनाच नाही. एकतीस वर्षांत जास्त भरलं नाही कुठे.”

“मग काय करायचं?” बाईंनी विचारलं.

“जास्त भरायचं नाही.”

पुन्हा मोजणी सुरू झाली. शेल्फ बरोबर निघाली. सव्वातीनला साहेबांनी पेटी पुढ्यात ओढली आणि एकेक कार्ड नोंदवहीशी ताडू लागले. अ अक्षरापाशीच ते थांबले.

“‘अगं’. दाखल क्रमांक नाही, लेखक नाही. हे कुठे असतं?”

आपली कार्डं कुठे गेली ते ग्रंथपालबाईंना आता कळलं.

“कवितेत बघतो,” शिपाईमामा म्हणाले आणि शिडी घेऊन गेले. लांबून त्यांचा आवाज आला, “नाही साहेब.”

“‘आई’.”

“आई पुष्कळ आहेत साहेब. कुठली?”

“‘मी’.”

“ते आत्मचरित्रात असणार.”

“‘वरच्या बाई’.”

मामा शिडीवर घुटमळले. “रहस्यकथा वाटते.”

“आणि हे ‘सूनबाई’?”

“नाटक,” मामा ठामपणे म्हणाले. “पण नाटकाचं कपाट मी आजच पुसलंय, मला दिसलं नाही.”

भिंतीवरच्या घड्याळात तीन अठ्ठावीस झाले होते. तलाव पळत गेलं तर पंधरा मिनिटांवर. गप्प बसावं तर ही दोघं नसलेली पुस्तकं सोमवार उजाडेपर्यंत शोधणार. बोलावं तर एकोणीस वर्षांची अब्रू त्या पेटीत जाणार. बाईंच्या डोळ्यांसमोर फळीवर उभी राहिलेली एक उंच मुलगी आली, बिनचष्म्याची, निळ्या निळ्याकडे बघणारी.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “ती पुस्तकं नाहीत. ती मी आहे.”

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. “यातली कुठली?”

“पाचही.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. मोज्यापासून कपाटापर्यंत, पडद्यांसकट. शिपाईमामा शिडीवरच बसून ऐकत होते. साहेबांचा चेहरा काही हलला नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी पाचही कार्डं समोर ओळीने मांडली.

“प्रती किती?”

“एकच.”

“एका प्रतीवर पाच कार्डं,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “एकाच तासाला. बाई, तुम्ही प्रशिक्षित आहात.”

मुलीचं वाक्य लागलं होतं, पण हे त्याहून खोल गेलं. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अध्यक्ष रागावले तेव्हा इतकं वाटलं नव्हतं. अध्यक्षांना ग्रंथालयातलं कुठे काय कळत होतं?

“चार रद्द करा,” साहेबांनी टाक पुढे केला. “शाईने. कारण लिहायचं, सही करायची. कुठलं ठेवायचं ते तुम्ही बघा. त्यात मी बोलणार नाही.”

याच गोष्टीसाठी गेले दोन आठवडे पोस्टमास्तरांपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांनी डोकं खाल्लं होतं. ती आता तीन तेहेतीसला, सरकारी टाकाने, साक्षीदारांसमोर करायची होती. बाईंनी “सूनबाई” ओढलं आणि लिहिलं, “कपाट उद्या. माईंना मी स्वतः सांगेन.” “वरच्या बाई”वर लिहिलं, “सहावा मसुदाच चांगला होता, तो पाठवावा.” “अगं”पाशी हात अडखळला. पडदे नव्हतेच म्हणून दोन वर्षं खिडकीला वर्तमानपत्र लावलेलं होतं. “आज नाही,” एवढंच लिहिलं. कारण म्हणून ते कच्चं होतं, पण साहेबांनी चालवून घेतलं.

चौथं कार्ड साहेबांनी स्वतः उचललं. “हे ‘मी’ कोणी नेलंय?”

“कोणी नाही.”

“मग ते शेल्फवर असायला हवं.”

“नाहीये,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि कार्ड परत खाली ठेवलं. “सवडीने शोधा,” ते म्हणाले. “सध्या रद्द करू.”

राहिलं एक. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. “आई. शनिवार, चार वाजता. शिक्का आहे.” मग घड्याळ बघितलं. “बाहेर दिलेली प्रत मोजणीच्या वेळी ग्रंथालयात सापडली तर नोंद खोटी ठरते. माझ्या तपासणीत खोटी नोंद नको. तुम्ही बाहेर असायला हव्यात.”

बाई उठल्या. कार्ड घेतलं, टेबलाखालची पिवळी छत्री घेतली.

“आणि एक कोरं कार्ड मिळेल?” साहेब नोंदवहीत मान घालून म्हणाले. “नोंद करून.”

तीन बेचाळीसला ग्रंथपालबाई रस्त्यावर होत्या. बेचाळीस वर्षांची बाई पळते तेव्हा लोक आधी तिच्याकडे बघतात आणि मग तिच्यामागे कोण लागलंय ते बघतात. मागे कोणी नव्हतं, पण पुढून पोस्टमास्तर येत होते, काखेत फाईल घेऊन. आपला तास घ्यायला ते ग्रंथालयाकडेच निघाले होते.

“पळू नका,” त्यांनी हात आडवा केला. “आधी ठरवा कुठे जायचं.”

“ठरलंय. तलावावर.”

“मग पळा,” ते म्हणाले आणि फाईल सांभाळत मागोमाग दुडक्या चालीने निघाले. “पण माझा चार वाजताचा शिक्का आहे.”

“रद्द झाला.”

“लेखी?”

“लेखी.”

त्यांना ते पटलं. लेखी झालेल्या गोष्टीवर पोस्टमास्तरांनी कधी वाद घातला नव्हता.

कोपऱ्यावर रस्ता खणलेला. नळ दुरुस्त करणाऱ्यांनी फळी टाकलेली, तीवर एक आजोबा कुत्र्याला धीर देत उभे. कुत्र्याला धीर येईपर्यंत चार वाजले. बाईंना वाटलं, आता मुलगी फळीवर चढली असेल. आता चष्मा काढून सरांच्या हातात दिला असेल. आता पलीकडे बघत असेल. तलावाच्या दारात रखवालदाराने काठी आडवी धरली. “पास?”

“पास नाही. माझी मुलगी आहे आत.”

“आत सगळ्यांच्याच मुली आहेत. पालकांचा पास शुक्रवारी दिला होता.”

शुक्रवारी पास घ्यायला कोण जाणार होतं? बाईंनी हातातलं कार्ड पुढे केलं. रखवालदाराने वाचलं: आई. शनिवार, चार ते पाच. खाली मुलीचं नाव आणि जांभळा शिक्का. त्याने शिक्क्यावरून अंगठा फिरवला. “असं आधी सांगायचं,” तो म्हणाला आणि काठी वर केली. पोस्टमास्तरांकडे काहीच नव्हतं. ते बाहेरच थांबले आणि रखवालदाराला तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं असं विचारू लागले.

आत दहा मुलं टॉवेल गुंडाळून बाकावर बसली होती. पोहून झालेली, केसांतून पाणी गळणारी. फळीवर एकटी उंच मुलगी उभी होती. नंतर कळलं, की आपल्याला उचकी लागलीय असं सांगून तिने एकेकाला पुढे जाऊ दिलं होतं. उचकी दहा मुलं टिकली, अकरावं मूल शिल्लक राहिलं नाही. सरांनी शिट्टी ओठांशी धरली होती आणि मुलगी शिडीकडे एक पाऊल सरकली होती.

बाई पलीकडच्या टोकाला पोहोचल्या आणि त्यांनी छपराखाली, ओल्या फरशीवर, ती पिवळी छत्री उघडली.

“बाई, आत छत्री उघडत नाहीत,” कोणीतरी पालक मागून म्हणालं. “आम्हाला दिसत नाहीये.”

“मलाही दिसत नाही,” बाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पाण्याचा आवाज झाला. त्यांनी डोळे उघडले तेव्हा फळी रिकामी होती आणि पाण्यात काहीही नव्हतं. मग बरंच अलीकडे एक काळं डोकं वर आलं. ते वाकडंतिकडं, मध्येच उजवीकडे भरकटत, मध्येच थांबून मान उचलत, पिवळ्या रंगाकडे बघत येऊ लागलं. मधोमध आल्यावर ते थांबलं. बाईंनी छत्री हलवली. ते पुन्हा निघालं. तो तलाव काही फार लांब नव्हता, पण त्या दिवशी त्याला अंत नव्हता. शेवटी एका हाताने काठाच्या फरशीला धरलं, थेट बाईंच्या बुटाशी.

मुलीने डोळे बारीक करून वर बघितलं.

“आलीस?”

“आले.”

“उशीर केलास.”

“दहा मिनिटं.”

“तेरा. मी मोजत होते,” मुलगी धापा टाकत म्हणाली. “मग पाच वाजून तेरा मिनिटांपर्यंत माझी आहेस. मुदत वाढवून मिळते ना?”

“दुसऱ्या कोणाची मागणी नसेल तर मिळते.”

दोघींनी दाराकडे बघितलं. बाहेर पोस्टमास्तर रखवालदाराला सातवा मसुदा वाचून दाखवत होते आणि रखवालदार मान डोलावत होता. बाकी कोणी नव्हतं.

“हे घे कार्ड,” बाई म्हणाल्या आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की छत्री धरलेल्या मुठीतच मघापासून दुसरं काहीतरी आहे. त्यांनी मूठ उघडली. ग्रंथालयाचा शिक्का होता, घाईत कार्डाबरोबर उचललेला. सगळ्या रस्त्याने तो तळहातात दाबला गेला होता आणि आजची तारीख तिथे एकावर एक कितीतरी वेळा उमटली होती. तिकडे शिक्क्यावाचून मोजणीसाहेबांचा अहवाल अडून राहिला होता. त्याचा खुलासा मागणारं पत्र सोमवारी आलं, पण ते सोमवारी.

मुलगी काठावर येऊन बसली. तिच्या ओल्या बोटांनी कार्ड भिजलं. बाईंनी वाकून ते गुडघ्यावर धरलं आणि शिक्का मारला. ओल्या पुठ्ठ्यावर शाई फुटली, पसरली, आणि तारखेच्या जागी एक मोठा जांभळा डाग झाला.

मुलीने कार्ड नाकाशी नेलं. “कधीपर्यंत आहे? मला काहीच वाचता येत नाहीये.”

“मलाही नाही,” ग्रंथपालबाई म्हणाल्या, आणि छत्री मिटून, बुटांसकट, तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसल्या.